पाच नंबरवर चढलेला पूल

काका, आपल्या सायकल ग्रुपवाल्यांनी मला सांगितलंय, साळवे काकांवर चार शब्द लिही, तुझं त्यांच्याशी जमायचं. आता वाचणाऱ्यांची तयारी झालेली असणार. पहिल्या ओळीत तुम्ही देवमाणूस, दुसऱ्या ओळीत तुमचा हसरा चेहरा, आणि शेवटी ‘आजही पुलावरून जाताना मागून त्यांची घंटी वाजल्यासारखी वाटते’. रुमाल मांडीवर घेऊन बसले असतील. आत ठेवा म्हणावं. घंटी-बिंटी काही वाजत नाही. तुमच्या सायकलला घंटीच नव्हती, तुम्ही तोंडाने ‘ओ बाजू’ ओरडायचात. आणि देवमाणूस तर तुम्ही अजिबात नव्हतात. तुम्ही पक्के खोटारडे होतात, आणि मी आज भांडायला बसलोय. तुम्हाला उलट बोलता येणार नाही, तर तो तुमचा प्रॉब्लेम.

बाकीच्यांना कळायला पाहिजे म्हणून सांगतो, तुम्ही ऐकून घ्या. तुम्ही डोंबिवली एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत आयुष्यभर मीटर आणि वायरिंग सांभाळलंत. रिटायर झाल्यावर घरी बसवेना, म्हणून कोलशेतच्या एका टॉवरवाल्या सोसायटीत इलेक्ट्रिशियन म्हणून जायला लागलात. मी टिटवाळ्याचा, कोलशेतलाच औषधांच्या गोडाऊनमध्ये डिस्पॅचला, आणि डोंबिवली वेस्टला तुमच्या मागच्या गल्लीत भाड्याने. आपली ओळख झाली शिळफाट्याच्या चढावर. तेव्हा माणकोलीचा पूल व्हायचा होता, सगळा वळसा घालून ठाण्याला जायला लागायचं. मी एकवीस गियरच्या सायकलवर, जीभ बाहेर. आणि बाजूने एक म्हातारा, दांड्याच्या काळ्या सायकलवरून, शर्ट इन केलेला, कपाळावर घामाचा थेंब नाही, मला मागे टाकून गेला.

माझा इगो दुखला. मी मागून ट्रॅफिक हवालदाराचा आवाज काढला, “ए काळी सायकल, साइडला घे. लायसन दाखव.”

तुम्ही खरंच साइडला घेतलीत. वरच्या खिशात हात पण घातलात. मग मागे वळून बघितलंत, तर मी.

“सायकलला लायसन लागतं का रे, गाढवा?” म्हणालात.

“तुम्ही शोधत होतात, काका.”

“कुठल्या स्टेशनवरून बोलतोस तू? रेडिओ आहेस नुसता.”

तेव्हापासून मी रेडिओ. माझं खरं नाव तुम्हाला माहीत होतं की नाही, मला अजून शंका आहे.

त्या काळ्या सायकलच्या मागच्या चाकात मोटर होती, हे मला त्या दिवशी कळलं. मग तुम्ही माझ्याही सायकलला किट बसवून दिलंत. तीन रविवार तुमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये आपण पोतं टाकून बसलेलो. मागच्या चाकात मोटर, पॅडलपाशी सेन्सर, हँडलवर छोटा डिस्प्ले, कॅरियरवर बॅटरी. किटमध्ये अंगठ्याने दाबायचा ॲक्सिलरेटर आलेला. तो तुम्ही माझ्यासमोर कटरने कापलात.

“अहो काका, चालू होता तो.”

“म्हणूनच कापला. नुसतं बसून जायचंय तर स्कूटर घे. सायकलवर बसलास तर पाय चालले पाहिजेत. मोटर मदतीला आहे, तुला उचलून न्यायला नाही.”

हे वाक्य तुम्ही ग्रुपमध्ये नवीन येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलंय. एका बँकेतल्या साहेबाला तर तुम्ही ॲक्सिलरेटर ठेवला म्हणून माणकोलीच्या टपरीवर चहा पाजला नव्हतात. लक्षात ठेवा हे वाक्य. मी परत येणारे त्याच्यावर.

त्याच रविवारी तुम्ही मला अजून एक गोष्ट शिकवलीत. की आपल्या किटमधला सेन्सर साधा आहे. पॅडल फिरतंय का, एवढंच त्याला कळतं. तुम्ही जोर लावताय की नुसते पाय फिरवताय, ते त्याला कळत नाही. पाय फिरले की मोटरला करंट सोडतो. “भोळा आहे बिचारा,” म्हणालात, “याला कोणीही फसवेल.”

कोणी फसवला ते आता मला माहितीय.

चार वर्षं आपण गेलो-आलो, आधी वळसा घालून, मग माणकोलीचा पूल झाल्यावर त्याच्यावरून. लोकांना वाटतं मोटर लावली की मजा. मजा गेली तेल लावत. महिन्याला एक स्पोक तुटायचा, कारण जुनं चाक आणि मोटरचा झटका. पावसात कंट्रोलरला तुम्ही फाटक्या ट्यूबचं टोपडं शिवलेलंत, कुंची घातलेल्या बाळासारखा दिसायचा तो. मागचं चाक पंक्चर झालं की पंक्चरवाला वायर बघून हात जोडायचा, “ये अपने से नहीं होगा.” मग अठराचा पाना काढा, वायर सोडवा, चाक उतरवा, सगळं आपणच. एकदा माझं चाक भर हायवेला बसलं आणि माझा पाना घरी. तुम्ही तोपर्यंत घरी पोचलेलात, हातात चहाचा कप होता. परत पूल ओलांडून आलात पाना घेऊन. आलात तेव्हा शिव्या दिल्यात, चाक बसवून दिलंत, आणि पाना माझ्याकडेच ठेवलात. “हा आता बॅगेतून काढायचा नाही. लग्नात पण खिशात ठेव.” अजून बॅगेत आहे. त्याच्यासाठी थँक्यू म्हणायचं राहिलेलं. म्हटलं आता. हिशोब मिटला असं समजू नका.

कारण माझा तुमच्यावर राग आहे तो त्या मोटरच्या आवाजावरून.

मोटरला पाच लेव्हल. मला पाचही आवाज पाठ, टपरीवर तो माझा आयटम होता. एक नंबरला कानाजवळचा डास. दोनला शेजारच्यांचा फ्रिज. तीनला काकूंचा मिक्सर, पण दार लावून. चारला शिट्टी यायच्या आधीचा कुकर. आणि पाचला दाताच्या डॉक्टरचं मशीन. टपरीवाला खूश व्हायचा, “भाई, पाँच नंबर फिर से.” तुम्ही चार वर्षं डासावर चालवलीत. पूल आला तर फ्रिज. त्याच्या वर कधी नाही.

मागच्या दिवाळीनंतर एका सकाळी पुलाच्या चढावर मला मागून दाताचा डॉक्टर ऐकू आला.

“काका, आज पाच नंबर?”

“वारा समोरून आहे.”

वारा माझ्याही समोरून होता ना, काका. मी तिसऱ्यावर होतो.

मग रोजच दाताचा डॉक्टर. आणि त्याच्या जोडीला मागच्या चाकातून टिक-टिक-टिक. फ्रीव्हील कधी टिकटिकतं? चाक पळतंय आणि पॅडलचा जोर त्याच्यापर्यंत पोचत नाही तेव्हा. पण तुमचे पाय तर फिरताना दिसत होते. मी छाती ठोकून सांगितलं, फ्रीव्हील गेलं तुमचं. आपण बदललं. टिकटिक तशीच. तिकडे बॅटरीपण उतरायला लागली. पूर्वी जाऊन-येऊन उरायची, आता माजिवड्यालाच लाल दिवा. एक अख्खा रविवार आपण तुमच्या बॅटरीचा तो पत्र्याचा डबा उघडून बसलो. एकेक सेल मोजला. सगळे ठणठणीत. तुम्ही म्हणालात, मीटर खोटा दाखवतोय. दुसरा मीटर आणला. तोपण तेच बोलला. तुम्ही कंट्रोलर बघायला लावलात, वायर बघायला लावलीत, ब्रेक घासतोय का बघायला लावलंत. मी पोत्यावर आडवा पडून तुमच्या सायकलच्या पोटात टॉर्च मारत होतो आणि तुम्ही बाजूला स्टुलावर बसून मला सांगत होतात, “तिकडे बघ, डावीकडे.”

तुम्हाला माहीत होतं, काका. फॉल्ट कुठे आहे ते तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही मला डावीकडे बघायला सांगत होतात. तुमचे पाय नुसते फिरत होते, जोर संपलेला. सगळा भार मोटर ओढत होती, म्हणून बॅटरी उतरत होती. माणूस साध्या सायकलवर असता तर पुलाच्या पायथ्याशीच उतरून चालायला लागला असता, आणि मग कोणीतरी विचारलं असतं, काय होतंय? तुम्हाला कोणी विचारलंच नाही, कारण तुम्ही पाच नंबरवर पूल चढून जायचात, शर्ट इन केलेला, कपाळावर घाम नाही. आणि मी. चार वर्षं आवाजावर पोट असल्यासारखा मिरवणारा मी. डास आणि दाताचा डॉक्टर यातला फरक मला झोपेत कळतो. मला सगळं ऐकू येत होतं आणि मी त्याची नक्कल करून लोकांना हसवत होतो.

आता त्या फोनवर येतो. हा ग्रुपला माहीत नाही.

काकूंनी तुमच्यामागे भुणभुण लावलेली, जिना चढताना धाप लागते, छातीची टेस्ट करून या. तुम्ही ठाण्यातच कामावरून परस्पर जाऊन केलीत. काकू रोज विचारायच्या, रिपोर्टचं काय झालं. मग एका संध्याकाळी टपरीवर तुम्ही मला म्हणालात, “रेडिओ, एक काम कर. रिपोर्ट चांगला आलाय. पण मी सांगितलं तर हिला पटणार नाही, ही सायकलला कुलूप लावायच्या तयारीत आहे. तू दवाखान्यातला माणूस होऊन फोन कर.”

मला काय, नारळ फोडायला बोलावल्यासारखं झालं. टपरीवाल्याचा फोन घेतला, नंबर ओळखीचा दिसायला नको म्हणून. नाक दाबलं.

“हॅलो, साळवेंच्या घरून बोलताय का? मी क्लिनिकमधून बोलतोय. सरांचे रिपोर्ट आलेत.”

“हो हो, बोला.”

“एकदम नॉर्मल आहे बघा. हार्ट बैलासारखं आहे. सायकल चालवतात ना? चालवू द्या. काळजी करू नका, काकू.”

मग काकू म्हणाल्या, “बरं बाबा. थँक्यू.”

तुम्ही एवढे हसलात की कठड्यावर बसायला लागलं. बराच वेळ बसून होतात. मी म्हटलं, चला काका. तुम्ही म्हणालात, थांब, हसू तर ओसरू दे. मी ‘बैलासारखं हार्ट’ परत करून दाखवलं. तुम्ही हाताने ‘बस’ केलंत.

मी रिपोर्टचा कागद मागितला नाही. एका मीटरवर विश्वास नाही म्हणून दुसरा मीटर आणणारा मी. तुमच्या शब्दावर गेलो.

आणि आता तुमच्या राहत्या बिल्डिंगच्या सोसायटीवर येतो. तुमच्या पार्किंगमध्ये पाटी आहे, ‘येथे कोणतेही वाहन चार्ज करू नये.’ बिल्डिंगला लिफ्ट नाही, तुम्ही तिसऱ्या मजल्यावर. म्हणजे रोज ती बॅटरी उतरवायची आणि वर न्यायची. मी किती वेळा बोललो, हलकी बॅटरी घ्या, बाटलीएवढी येते. नाही. तुम्हाला तुमचा जाड पत्र्याचाच डबा पाहिजे, कंपनीतल्या शिकवणुकीचा, आग लागली तर आतल्या आत राहील म्हणे. वजन सहा किलो. मी म्हटलं, खाली एक पॉइंट मागू, सगळ्यांच्या सह्या मी आणतो. तुम्ही एकदा मीटिंगमध्ये विषय काढलेलात, तेव्हा कोणीतरी हसलेलं, “आता सायकलपण चार्ज करतात का?” आणि सेक्रेटरी त्याच्या त्या घसा खाकरत्या आवाजात बोललेला, “बघू, बघू, पुढच्या मीटिंगमध्ये घेऊ.” त्यानंतर तुम्ही परत तोंड उघडलं नाहीत. “आयुष्यभर अर्जच केले रे. प्रमोशनला अर्ज, क्वार्टरला अर्ज. आता एका प्लगसाठी नाही करणार.” मी म्हटलं, मग मी नेतो बॅटरी वर. तर तुम्ही डोळे वटारलेत. “मी काय म्हातारा झालो?”

झालेलात, काका. झालं तर काय होतं?

त्या दिवशी संध्याकाळी आपण नेहमीसारखे आलो. गल्लीच्या तोंडाशी तुम्ही हात वर केलात, मी सरळ गेलो. अर्ध्या तासाने काकूंचा फोन. तुम्ही दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बसलेलात. दुसऱ्या मजल्यावरचे लोक दोनदा तुमच्या बाजूने गेले, त्यांना वाटलं दम खाताय. मी धावत आलो तेव्हा बॅटरी भिंतीला टेकवून सरळ उभी होती, हँडल वरच्या बाजूला, जशी ठेवायची असते तशी. आधी तिला नीट ठेवलीत आणि मग बसलात. एक हाक मारली असतीत, काका. वर काकू होत्या. ‘ओ बाजू’ ओरडायला पूर्ण हायवे कमी पडायचा तुम्हाला.

हॉस्पिटलमधून तुम्हाला आणलं तेव्हा सेक्रेटरी आलेला, पांढऱ्या शर्टात. “असा माणूस होणे नाही. सोसायटीचं फार मोठं नुकसान.” त्याचाच आवाज माझ्या घशापर्यंत आलेला, बघू, बघू, पुढच्या मीटिंगमध्ये घेऊ. काकूंनी माझ्याकडे बघितलं म्हणून गिळला.

जलदान विधी झाला. लोक पांगले. काकू म्हणाल्या, ती बॅटरी घेऊन जा तुझ्याकडे, घरात नको मला. मी नेली. बरेच दिवस चार्ज नव्हती, पडून राहिली तर सेल मरतात, तुम्हीच शिकवलेलं. झाकणाचे चार स्क्रू काढले. वरच्या फोमच्या खाली प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला कागद.

डॉक्टरच्या अक्षरात. टेस्ट चांगली नाही. अँजिओग्राफी ताबडतोब करावी. जिने चढू नयेत, वजन उचलू नये. तारीख आपल्या फोनच्या दोन दिवस आधीची.

घरात शंभर जागा असताना तुम्ही तो कागद तिथे ठेवलात, जिथे काकूंचा हात कधीच जाणार नव्हता आणि माझा हमखास जाणार होता. मला सापडावा म्हणून ठेवलात की सापडू नये म्हणून? सेल परत तपासू, असं मीच मागे लागलेलो आणि तुम्हीच पुढे ढकलत होतात, पुढच्या रविवारी, त्याच्या पुढच्या रविवारी. मी हट्टाने उघडला असता तर? हे मी तुम्हाला रोज विचारतो पुलावर. आयुष्यभर दुसऱ्यांचे ॲक्सिलरेटर कापत फिरलात, आणि स्वतः त्या भोळ्या सेन्सरला फसवून बसून गेलात. त्या बँकेतल्या साहेबाला एक चहा देणं लागता तुम्ही.

चार दिवस तो कागद माझ्या बॅगेत होता, पान्याच्या बाजूला. फाडून टाकला असता तर कोणाला कळणार होतं. काकूंच्या डोक्यात तुमचं हार्ट बैलासारखंच राहिलं असतं, अचानक झालं, कोणाच्या हातात नव्हतं, एवढ्यावर त्यांची समजूत पटलेली. आणि त्यांना ती समजूत दिलेली कोणी, तर मी, नाक दाबून. मला ते झेपेना. पाचव्या दिवशी कामावर न जाता तुमच्या घरी गेलो. काकू तांदूळ निवडत होत्या. मी कागद ताटाच्या बाजूला ठेवला आणि सांगून टाकलं, तो दवाखान्यातला माणूस मी होतो.

त्यांनी कागद वाचला. तारीख दोनदा बघितली. मग चष्मा काढला.

“माहितीय मला तू होतास ते,” म्हणाल्या. “वीस वर्षं बालवाडी चालवली मी. नाक दाबून बोलणारी पोरं मला शिकवतोस? आणि दवाखान्यातली माणसं ‘काकू’ कधीपासून म्हणायला लागली?”

“मग तुम्ही तेव्हाच का नाही...”

“गप्प बस. मी बोलतेय. मला वाटलं, दोघं मिळून रिपोर्ट आणलात, चांगला आला, म्हणून मस्ती चाललीय. म्हटलं, हसतायत, हसू देत. आवाज कोणाचा काढायचा तो काढ रे तू, त्याचं मला काही नाही. पण बातमी खोटी देशील असं वाटलं नव्हतं मला. तुझ्यावर भरवसा ठेवून मी यांना परत विचारलं नाही. यांच्यावर नाही हां, तुझ्यावर. यांना मी ओळखत होते.”

मी खाली बघत होतो. ताटात एक खडा होता, तो उचलला.

“ठेव तो. मी करते माझं काम. कागद बघितलास का तू? डोळ्याने? नाही ना? सायकलचा नट ढिला असेल तर चारदा बघता दोघं. चार दिवस बॅगेत घेऊन फिरलास, आज आलास. लाज वाटली नाही? रडू नकोस आता इथे, मला तांदूळ दिसत नाहीत. आणि ती बॅटरी परत आण इकडे, सायकल पण. खाली पार्किंगमध्ये लाव चार्जिंगला, त्या पाटीच्या खालीच. सेक्रेटरी आला तर मला हाक मार, मी येते खाली, मला बघायचंय तो काय बोलतो. आणि उद्या दहा वाजता ये. मला दवाखान्यात जायचंय, महिनाभर डोकं गरगरतंय माझं, यांच्या नादात सांगितलं नाही कोणाला. तू सोबत यायचंस. रिपोर्ट मी घेणार, मी वाचणार, डॉक्टर माझ्याशी बोलणार. तू बाहेर बाकड्यावर बसायचं. आणि तिथे कोणाचाही आवाज काढलास ना, तर मुस्काट फोडीन.”